किमो चालू असताना झोप: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरच्या किमोच्या ओपीडीत डॉक्टर भराभर विचारतात: उलटी? जुलाब? ताप? तोंड आलं का? झोपेचं विचारायला वेळ नसतो आणि पेशंटही आपणहून सांगत नाही. "एवढ्या मोठ्या बिमारीत झोपेचं काय घेऊन बसायचं?" असं त्याला वाटतं. मग गावी आल्यावर रात्रभर आढ्याकडे पाहत पडायचं, आणि आठवडाभरानं कोणीतरी मेडिकलमधून गोळी आणून देतो.

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांतून नागपूर, सेवाग्राम, सावंगीला किमोसाठी जाणारे पेशंट आणि त्यांच्या घरचे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. झोप उडण्यामागं बहुतेक वेळा शोधून सापडेल असं कारण असतं: एखादी गोळी, तिची वेळ, एखादं दुखणं, एखादी भीती. आधी ते शोधायचं. झोपेच्या गोळीचा विचार त्यानंतर.

"सलाईन लागली का दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही लागत. मग आपोआप ठीक होते. काहून?"

बहुतेक वेळा हे डेक्सामेथासोनचं काम असतं. उलटी होऊ नये आणि काही औषधांची ॲलर्जी येऊ नये म्हणून हे स्टेरॉइड किमोच्या आधी सलाईनमधून आणि पुढे दोन-तीन दिवस गोळीतून देतात. ते अंगात असेपर्यंत तरतरी वाटते, भूक लागते, डोकं पळत राहतं. पेशंट रात्री बारा वाजता उठून डबे लावतो, नाहीतर सोयाबीनचा हिशेब काढत बसतो. गोळी बंद झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम गळून जातो. दोन्ही त्या औषधामुळंच होतं. बिमारी वाढली असा त्याचा अर्थ नाही.

घरची चिठ्ठी काढून पाहा. डेक्साच्या गोळीपुढे "१-०-१" लिहिलं असेल, तर गावाकडे त्याचा अर्थ सकाळी एक आणि रात्री जेवल्यावर नऊ वाजता एक, असाच घेतला जातो. नऊ वाजता घेतलेली ही गोळी रात्रभर जागवते. पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढंच विचारा: "दुसरी गोळी दुपारी एक-दोनच्या आत घेतली तर चालेल का?" बऱ्याच वेळा चालतं. काही वेळा तर सगळा डोस सकाळीच देता येतो. पण काही औषधांच्या आधी, विशेषतः पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेलच्या, ही गोळी ठरलेल्या तासांनाच द्यावी लागते. म्हणून मनानं वेळ बदलू नका आणि बंद तर मुळीच करू नका. जेवून घ्या, नाहीतर पोटात आग पडते. शुगर असेल तर त्या दिवसांत ती वाढते. मग लघवीला वारंवार उठावं लागतं आणि उरलीसुरली झोपही जाते. शुगर तपासून ठेवा.

"झोप नाही लागत म्हणजे किमो लागू पडून नाही राहिली का?"

नाही. औषध लागू पडतं की नाही हे तपासणीत, स्कॅनमध्ये, गाठीच्या मापात दिसतं. झोपेवरून ते कळत नाही.

आणि तुम्ही एकटे नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात किमो घेणाऱ्या ८२३ रुग्णांना झोपेबद्दल विचारलं. सुमारे ४३ टक्के रुग्णांना निद्रानाश म्हणावा इतका त्रास होता आणि आणखी ३७ टक्क्यांना त्याहून सौम्य तक्रारी होत्या. किमो घेणाऱ्यांत झोपेचा त्रास सर्वसाधारण लोकांच्या जवळपास तिप्पट आढळला. ज्या तक्रारीनं दहातले आठ जण हैराण असतात, ती ओपीडीत सांगायला लाज कशाची?

"उलटीसाठी रात्रीची गोळी दिली. मेडिकलवाला म्हणे, ही तर डोक्याच्या पेशंटची आहे. देऊ का नको?"

ओलान्झापिन असेल. ती मानसिक आजारात वापरतात हे खरं आहे, पण किमोची मळमळ थांबवायला ती फार चांगली आहे आणि आता जगभर दिली जाते. तिनं झोपही येते, म्हणूनच रात्री देतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या संशोधनात, जे २०२४ साली प्रसिद्ध झालं, १० मिलिग्रॅमऐवजी फक्त २.५ मिलिग्रॅम दिली तरी उलटी तेवढीच आटोक्यात राहते आणि दिवसाची गुंगी कमी होते, असं दिसलं. म्हणजे गोळी द्या. दिवसभर डोळे उघडत नसतील तर डोस कमी करता येईल का, ते विचारा.

उलटीच्याच दुसऱ्या एका औषधाबद्दल सावध राहा. मेटोक्लोप्रामाइडनं काही जणांना विलक्षण बेचैनी येते: बसवत नाही, निजवत नाही, पाय सारखे हलवत राहावेसे वाटतात. घरच्यांना वाटतं माणूस घाबरला आहे. असं झालं तर त्याच दिवशी फोन करून कळवा. औषध बदलता येतं.

"मेडिकलमधून झोपेची अर्धी गोळी आणून दिली तर?"

नको. अल्प्राझोलम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरची चिठ्ठी पाहून, वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करूनच ती विकायची असा कायदा आहे. ओळखीनं मिळतात, हा भाग वेगळा.

कायद्यापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. पेशंट दुखण्यासाठी मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल घेत असेल आणि वर झोपेची गोळी पडली, तर श्वास मंदावू शकतो. किमोनं अशक्त झालेला माणूस गुंगीत लघवीला उठला आणि उंबरठ्याला अडखळून पडला, तर खुबा मोडतो. प्लेटलेट कमी असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही जिवावर बेततो. शिवाय काही आठवड्यांत या गोळ्यांची सवय लागते.

डॉक्टर स्वतः कधीकधी थोड्या दिवसांसाठी अशी गोळी लिहितात. त्यांना बाकीची सगळी औषधं माहीत असतात. ती ठरलेल्या दिवसांपुरती घ्या.

"डॉक्टर म्हणाले आराम करा. मग दिवसभर खाटेवर निजूनच राहायचं ना?"

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि तो घरचे मायेपोटी वाढवतात. "उठू नको, मी देतो" असं म्हणत पेशंटला खाटेवरच जेवण, खाटेवरच चहा. दिवसा चार-पाच तास डुलक्या झाल्या की रात्रीसाठी झोप उरत नाही. रात्री झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत डुलक्या. हे चक्र किमोच्या पहिल्या दोन-तीन खेपांतच बसतं.

किमोचा थकवा खरा असतो, तो आळस नव्हे. पण निजून राहिल्यानं तो जात नाही, उलट स्नायू झिजतात. चालणं हा या थकव्यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. ऊन चढायच्या आत अंगणात किंवा गल्लीत दहा मिनिटं, मग झेपेल तसं वाढवत अर्ध्या तासापर्यंत चाला. सकाळच्या उजेडाचा दुसरा फायदाही आहे: शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ त्यानं जागेवर राहतं. अंधाऱ्या माजघरात दिवस काढणाऱ्याचं ते बिघडतं. दुपारी जेवल्यावर अर्धा तास डोळा मिटा, पण तीनच्या आत उठा. हाडांत बिमारी पसरली असेल, चक्कर येत असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर किती चालायचं ते आधी विचारून घ्या.

आणि एखादा पेशंट चालायचा सोडून एकाएकी दिवसभर झोपूनच राहायला लागला, हाक मारली तर अर्धवट उत्तर देतो, बरळतो, तर तो थकवा समजून सोडू नका. रक्तातलं सोडियम, कॅल्शियम, इन्फेक्शन, औषधाचा जास्त डोस, काहीही असू शकतं. दवाखान्यात न्या.

"रात्री दोनला जाग येते, मग पहाटेपर्यंत पडून राहते. काय करावं?"

पडून राहू नये, हेच उत्तर. वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं की उठा (घड्याळ पाहू नका, अंदाजानं). सपरीत जाऊन बसा, मंद उजेडात वाती वळा, जप करा, रेडिओ हळू लावा. डोळे जड झाले की परत खाटेवर. पुन्हा झोप नाही आली, पुन्हा उठा. पहिल्या काही रात्री हे शिक्षा वाटेल. पण खाट म्हणजे जागं राहून काळजी करण्याची जागा, ही मनाला लागलेली सवय याच मार्गानं मोडते.

यासोबत सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली असो. संध्याकाळी झोप आल्याशिवाय खाटेवर जाऊ नका. चहाचा शेवटचा कप दुपारी. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, पाहुणा निघाला की चहा, आणि बिमार माणसाकडे पाहुणे दिवसभर येतात. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. मोबाइल रात्री दुसऱ्याच्या उशाशी ठेवा.

घर एका खोलीचं असेल, तिथेच टीव्ही आणि तिथेच पोरांचा अभ्यास, तर "झोपेसाठी शांत अंधारी खोली ठेवा" हा पुस्तकी सल्ला निरुपयोगी आहे. त्यापेक्षा टीव्ही नऊला बंद, पेशंटची खाट दारापासून आणि दिव्यापासून लांबच्या भिंतीला, डोळ्यांवर धुतलेला मऊ रुमाल. एवढं कोणत्याही घरात जमतं.

या पद्धतीचं पूर्ण रूप मानसोपचारतज्ज्ञ शिकवतात आणि निद्रानाशावर गोळीच्या आधी तीच सुचवली जाते. त्यात खाटेवरचे तास ठरवून कमी करण्याचाही भाग असतो. किमो चालू असताना तेवढा भाग स्वतःच्या मनानं करू नका.

"खर्रा सोडला तेव्हापासून झोप उडाली. थोडा खाल्ला तर?"

तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे इतके का, हे पानठेल्यावर उभं राहिलं की कळतं. तंबाखू, सुपारी, चुना घोटून पन्नीत बांधलेला खर्रा विदर्भात पोरंही खातात. निकोटीन सुटलं की पहिल्या आठवड्यात झोप तुटते, चिडचिड होते, विचित्र स्वप्नं पडतात. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. निकोटीन स्वतः झोप उडवणारं आहे. खर्रा खाऊन "शांत वाटतं" ते फक्त तलफ भागल्यामुळं. उपचार चालू असताना तंबाखू घेतली तर तोंडातल्या जखमा भरत नाहीत आणि उपचाराचा परिणामही कमी होतो. तेव्हा थोडासुद्धा नको. तलफ सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगा. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६, मोफत आहे.

"रात्री अंग गरम लागलं. सकाळपर्यंत थांबावं का?"

थांबू नका. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरणं, ही तातडीची वेळ असते. इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरू शकतं. पॅरासिटामॉल देऊन, चादर पांघरवून "सकाळी पाहू" म्हणणं सगळ्यात धोक्याचं. गोळीनं ताप दबतो, इन्फेक्शन दबत नाही. थर्मामीटर घरात हवाच. काखेत लावला तर तो थोडं कमी दाखवतो, हे लक्षात ठेवा. हॉस्पिटलच्या कागदावरच्या नंबरवर फोन करा, १०८ बोलवा, आणि भेटेल त्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा: "किमो चालू आहे, अमुक तारखेला लागली." गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात "मलेरियाच असेल" म्हणूनही वाट पाहू नका. ती तपासणी दवाखान्यात होईल.

आडवं झाल्यावर दम लागणं, एका पायाला अचानक सूज, नाकातोंडातून न थांबणारं रक्त, छातीत दुखणं यांनाही हाच नियम.

"दुखण्यानं झोप मोडते, पण दुखण्याची गोळी जास्त घ्यायला भीती वाटते."

दुखत असताना झोपेचा कोणताही उपाय चालत नाही. कॅन्सरचं दुखणं सहन करणं यात बहादुरी नाही. मॉर्फिन म्हणजे शेवटची अवस्था, हा समज चुकीचा आहे. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने सुरक्षित घेता येतं. त्यानं बद्धकोष्ठ हमखास होतो, म्हणून पोट साफ करणारं औषध सोबत असलंच पाहिजे. गोळी वेळेवर घ्या, दुखायला लागल्यावर नाही. पहाटे तीनला दुखून जाग येत असेल तर रात्रीचा डोस पुरत नाही. हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतल्यावर कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. ते हाडातला मगज कामाला लागल्यामुळं होतं आणि काही दिवसांत जातं. त्यावर कोणती गोळी घ्यायची ते इंजेक्शन घेतानाच विचारून ठेवा.

तळपायांना रात्री मुंग्या, आग, सुया टोचल्यासारखं होणं हे नसांवरच्या परिणामाचं लक्षण. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन यांनी ते होतं. डॉक्टरांना लवकर सांगितलं तर डोस बदलता येतो, उशिरा सांगितलं तर त्रास कायम राहू शकतो. ऑक्झालिप्लॅटिननंतर काही दिवस थंडीचं फार वावडं असतं: माठातलं पाणी घशात अडकल्यासारखं होतं, कूलरचा झोत तोंडावर आला की घसा आवळतो. त्या रात्री खाट कूलरसमोरून हलवा आणि पाणी कोमट द्या. डिसेंबरच्या थंडीत हातमोजे-पायमोजे घालूनच निजवा.

"नाकात नळी आहे. निजवायचं कसं?"

पाठ आणि डोकं मिळून तीस ते पंचेचाळीस अंश वर. नुसती मानेखाली उशी देऊ नका, पोट दाबलं जातं. खाटेच्या पायांखाली विटा ठेवून तेवढा उतार मिळत नाही, म्हणून कमरेपासून डोक्यापर्यंत गोधड्या-उशांचा उतार करा. नळीतून शेवटचं पातळ जेवण निजण्याच्या तासभर आधी, आणि ते दिल्यावर लगेच आडवं करू नका. तोंड-घशाच्या किरणांसोबत (रेडिएशन) किमो असेल तर तोंड कोरडं पडतं नाहीतर चिकट लाळ साचते. उशाशी पाणी, वाटी आणि स्वच्छ फडकं ठेवा.

"रात्रीतून पाच वेळा लघवीला उठतो."

सलाईनच्या दिवशी होणारच. पाणी दिवसा भरपूर पाजा, संध्याकाळनंतर घोट-घोट. पण सायक्लोफॉस्फामाइड हे किमोचं औषध चालू असेल तर लघवी धरून ठेवू नका आणि पाणीही तोडू नका, मूत्राशयाला इजा होते. संडास अंगणापलीकडे असेल तर खाटेजवळ डबा किंवा भांडं ठेवा. अंधारात बॅटरी घेऊन धडपडण्यात काही शहाणपण नाही. (लाल रंगाच्या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. त्याला घाबरू नका.)

"उन्हाळ्यात घरात आग असते. गच्चीवर, अंगणात निजलं तर चालते?"

चालतं, मच्छरदाणी लावून. पारा ४५ च्या वर गेल्यावर पत्र्याच्या घरात निरोगी माणूस झोपत नाही, बिमार कुठून झोपेल? गच्चीच्या जिन्याला कठडा नसेल तर मात्र अंगणच बरं. कूलरचं पाणी रोज बदला, टाकी घासा. साचलेल्या पाण्यात डास आणि बुरशी दोन्ही होतात. अगरबत्ती किंवा कॉइलच्या धुरापेक्षा मच्छरदाणी कधीही चांगली. लाइन गेली तर ओल्या फडक्यानं हात-पाय-मान पुसा. किमोनं किंवा टॅमॉक्सिफेननं (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) पाळी थांबलेल्या बायांना थंडीतही रात्री एकदम गरम वाफा येतात, घाम फुटतो. ती वेगळी तक्रार आहे, तिच्यावर औषध आहे, संकोच न करता नर्सला सांगा.

"त्यांची खाट, चादर वेगळी केली आहे. लेकरांना जवळ निजू देत नाही. बरोबर ना?"

कॅन्सर जवळ निजल्यानं होत नाही. तरीही कित्येक घरांत माय सपरीत एकटी आणि बाकी सगळे आत असं दिसतं. त्या एकटेपणानं जी झोप जाते ती कोणत्याही गोळीनं येत नाही.

काळजी घ्यायची ती दोनच गोष्टींची. किमोनंतर साधारण ४८ तास लघवी, उलटी, संडास यांतून औषधाचा अंश बाहेर पडतो. ते साफ करताना हातमोजे घाला, माखलेली चादर वेगळी धुवा, गरोदर बाईनं ते काम करू नये. दुसरी काळजी उलट्या बाजूनं: नातवाला सर्दी, ताप, कांजण्या असतील तर तो आजीपासून दूर. एरवी नातू आजीच्या कुशीत निजला तर आजीला झोप लागते, नातवालाही.

"हरभऱ्यात डुकरं शिरून राहिली. जागलीला मीच जात होतो. आता जाऊ का?"

किमो चालू असेपर्यंत नाही. मचाणावर जागून काढलेली एक रात्र पुढचे चार दिवस खाते. शिवाय थंडी, पडण्याची भीती, आणि पेशी कमी असताना काट्याकुट्यानं झालेली जखम. रात्रीची लाइन आली म्हणून पाणी लावायला जाणंही तसंच. भाऊबंदांशी, शेजाऱ्याशी बोलून पाळी लावून घ्या. शेताची काळजी डोक्यात असतेच. संध्याकाळी जेवायच्या आधी पोराजवळ बसून उद्याची कामं वहीत लिहून टाका. वहीत उतरलेलं काम रात्री तितकं उठवत नाही.

"भेटायला येणारे रात्री दहापर्यंत बसतात."

घरातल्या सगळ्यात खमक्या माणसाला दाराशी बसवा. आठनंतर भेट नाही. कोणी रुसलं तर रुसू द्या.

"जायफळ, अश्वगंधा, काढा, किंवा झोपताना थोडी मोहाची... यातलं काय चालेल?"

उकळून कोमट केलेलं दूध, पचत असेल तर, चालेल. चिमूटभर जायफळानं बिघडत नाही, पण वाढवत नेऊ नका, जास्त झालं तर ते विषारी असतं. पायांना, डोक्याला तेल हलक्या हातानं चोळणं चांगलं. त्यात औषधापेक्षा स्पर्शाचा भाग मोठा आहे. सुजलेला पाय मात्र चोळू नका.

अश्वगंधा आणि गुळवेल "नैसर्गिक" म्हणून बिनधास्त घेतात. दोन्हींमुळं काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि किमोचं औषध निवळायला यकृतच लागतं. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. भांग, गांजा नको. दारूनं डोळा लवकर लागतो हे खरं, पण तीन तासांनी झोप फाटते ती फाटतेच, आणि यकृत, तोंडातल्या जखमा, बाकीची औषधं, सगळ्यांशी तिचं वाकडं.

"बाबांना आम्ही सांगितलंच नाही. साधी गाठ आहे म्हटलं. तरी ते रात्रभर जागे असतात."

त्यांना कळलेलं असतं. किमोच्या वॉर्डात आजूबाजूच्या खाटांवर केस गेलेली माणसं दिसतात, भिंतीवरचे फलक दिसतात. विचारायची सोय नसते, म्हणून ते रात्री एकटे अंदाज बांधतात, आणि अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा भयंकर असतो. माझं मत स्पष्ट आहे: लपवल्यानं पेशंटची झोप वाचत नाही. सगळं एकदम सांगायची गरज नाही. "बाबा, तुम्हाला बिमारीबद्दल काय वाटते? काही विचारायचं आहे का?" इथून सुरुवात करा आणि ते विचारतील तेवढंच, पण खरं सांगा. जमत नसेल तर डॉक्टर किंवा हॉस्पिटलमधल्या समाजसेवकाला सोबत बसवा.

"पहाटे जाग येते आणि वाटते, आता नको हे जगणं. घरच्यांवर किती कर्ज चढवू?"

हे कोणाला तरी आजच सांगा. पहाटे लवकर जाग येणं, कशातच मन न लागणं, आपण ओझं आहोत असं वाटणं, ही नैराश्याची लक्षणं आहेत आणि त्यावर उपचार आहे. टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. घरच्यांनी असं बोलणं "तब्येतीनं चिडचिडा झाला" म्हणून उडवून लावू नये. अशा पेशंटला एकटं सोडू नका आणि कीटकनाशकाचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवा. खर्चाची भीती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किमो बसते. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (या योजनेच्या मदतनीसाला) भेटा.

"किमोला जायचं म्हणजे पहाटे तीनला उठून एसटी. ती रात्र तर जातेच."

लांबच्या पेशंटची अर्धी झोप प्रवासच खातो. आदल्या दिवशी जाऊन धर्मशाळेत मुक्काम करता येत असेल तर करा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, तर सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. परतीला आडवं होऊन येता येणं ही चैन नाही. एसटीतही सवलत आहे. राज्यातल्या काही जिल्हा रुग्णालयांत डे-केअर किमो मिळते. पहिला डोस मोठ्या हॉस्पिटलात घेऊन पुढचे जवळ घेता येतील का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

"पेशंटसोबत मीपण रात्रभर जागी असते."

मग दोघांची पाळी लावा, एक रात्र नणंद, एक रात्र तुम्ही. पेशंटच्या हाताशी घंटी द्या, साधी पूजेचीसुद्धा चालेल. आवाज आला की उठाल, या भरवशावर डोळा लागतो.

"डॉक्टरांकडे दोनच मिनिटं असतात. त्यात झोपेचं काय सांगू?"

पुढच्या खेपेआधी आठवडाभर वहीत रोज एक ओळ लिहा: किती वाजता निजलो, किती वेळा उठलो आणि कशानं (दुखणं, लघवी, उलटी, विचार), दिवसा किती झोपलो, कोणती गोळी किती वाजता. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या, नाहीतर आशाताईंची मदत घ्या. वही उघडून समोर ठेवली की दोन मिनिटं पुरतात. "झोप येत नाही" या वाक्यावर गोळी मिळते. "डेक्सा घेतली त्या तीन रात्री झोप नाही, बाकी ठीक" या वाक्यावर वेळ बदलून मिळते.

"किमो संपून सहा महिने झाले. तरी झोप जशीच्या तशी."

बऱ्याच जणांची झोप हळूहळू जागेवर येते, काहींची येत नाही. मूळ कारण जातं, पण डुलक्यांची आणि जागं पडून राहण्याची सवय उरते. वर सांगितलेला उठण्याचा, एका वेळेचा नियम आता नेटानं पाळा. योगानंही फायदा होतो. उपचार संपलेल्या ४१० जणांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात (२०१३) चार आठवडे सावकाश आसनं आणि श्वासाचे प्रकार केल्यावर झोप सुधारली आणि झोपेच्या गोळ्या कमी झाल्या. गावातल्या योगवर्गाला जाताना कुठे ऑपरेशन झालं आहे ते शिकवणाऱ्याला आधी सांगा.

मानेला किरण घेतलेल्यांनी एक तपासणी मात्र करून घ्यावी, थायरॉइडची. किरणांनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, ती ग्रंथी मंदावते आणि माणूस दिवसभर सुस्त, रात्री बेचैन राहतो. ती रक्ताची साधी तपासणी आहे, फॉलोअपच्या दिवशीच करून मागा.